दोन छत्रपती, एक सरखेल

औरंगजेब मेला आणि मराठ्यांच्या घरात भांडण लागले. १७०७ ते १७१४ या सात वर्षांची हकीकत आपण शाळेपासून ऐकतो. ताराबाई एका बाजूला, शाहू महाराज दुसऱ्या बाजूला. खेडच्या मैदानावर धनाजी जाधव फिरले आणि पारडे झुकले. ही सगळी हकीकत घाटावरची आहे. तिच्यात घोडी आहेत, गड आहेत, वतने आहेत. समुद्र नाही. याच सात वर्षांत मराठ्यांचे आरमार कुणाचे होते, त्याच्या खलाशांचा पगार कोण देत होते आणि त्याचा प्रमुख दोन छत्रपतींच्या मध्ये उभा राहून काय करत होता, हे प्रश्न आपल्याकडे ओझरते येतात. सरखेल कान्होजी आंग्रे म्हटले की आपल्याला इंग्रजांना धूळ चारणारा दर्यावीर आठवतो. ते खरेच आहे. पण त्यांची जी लढाई मला अधिक अवघड वाटते ती इंग्रजांशी नव्हती, स्वकीयांशी होती. आणि ती तोफांनी सुटली नाही.

आधी काळाचा धागा नीट लावून घेऊ, कारण याच ठिकाणी पुष्कळ गोंधळ होतो.

राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. ताराबाईंनी आपला मुलगा शिवाजी याला गादीवर बसवले आणि पुढची सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. १७०७ च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. त्याच्या मुलाने, आझमशहाने, कैदेतल्या शाहूंना माळव्यात मोकळे केले. यामागे उदारपणा नव्हता. मराठ्यांत दोन गाद्या झाल्या तर दख्खनेत मोगलांची पाठ सुरक्षित राहील, हा साधा हिशेब होता. तो खरा ठरला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली, जानेवारी १७०८ मध्ये शाहूंनी साताऱ्याला राज्याभिषेक करून घेतला. त्यांनी पन्हाळ्यापर्यंत मजल मारली तेव्हा ताराबाई रांगण्याला आणि तिथून मालवणकडे सरकल्या. पावसाळा आला, शाहूंचे सैन्य मागे फिरले आणि ताराबाईंनी पुन्हा पन्हाळा धरला. म्हणजे ज्या वेळी जमिनीवर सगळे हातचे जाण्याची पाळी आली, त्या वेळी त्या राणीचा शेवटचा आसरा किनाऱ्याकडे होता. किनारा कान्होजींच्या भरवशावर होता.

कान्होजी या जागी कसे पोहोचले? आंग्र्यांचे मूळ आडनाव संकपाळ. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानतात. हर्णैच्या सुवर्णदुर्गावर त्यांची उमेदवारी झाली. किल्लेदार सिद्दीला फितूर होतोय असे दिसताच या तरुणाने किल्ला ताब्यात घेऊन वाचवला, अशी घराण्याच्या कैफियतीतली परंपरा आहे. तपशील कमीअधिक असेल, पण तिचा गाभा पटतो. कारण १६८९ नंतर कोकणची अवस्थाच तशी होती. संभाजी महाराज मारले गेले होते, रायगड पडला होता, राजाराम महाराज जिंजीला निघून गेले होते. आरमाराचे सरखेल सिदोजी गुजर हेही जिंजीकडे गेले. छत्रपती शेकडो कोस दूर, पगाराचा पत्ता नाही, मदत येण्याची आशा नाही. अशा वेळी किनाऱ्यावरच्या माणसाला दोनच वाटा होत्या: किल्ला सिद्दीच्या हवाली करणे, किंवा आपल्या हिमतीवर तो राखून वर्षानुवर्षे मालकाची वाट पाहणे. कान्होजींनी दुसरी वाट धरली. सिदोजींच्या मागे, १६९८ च्या सुमारास, सरखेलपद त्यांच्याकडे आले.

ही नऊ-दहा वर्षे माझ्या मते निर्णायक आहेत. पुढचा कान्होजी इथेच घडला. राज्य म्हणजे दूर कुठेतरी असलेले नाव. हातात असतात ते किल्ला, तरांडी आणि माणसे, हा धडा ते याच काळात शिकले असणार.

आता आरमार म्हणजे काय चीज होती ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचे राजकारण कळत नाही. घोडदळाचा सरदार रात्रीतून बाजू बदलू शकतो. त्याचे घोडे त्याच्यासोबत चालतात आणि जाईल तिथे चारा काढून आणतात. गुराबेला चारा मिळत नाही. तिला सागवान लागते, काथ्या, डांबर, शीड, तोफा लागतात, आणि मुख्य म्हणजे बंदर लागते. मराठ्यांची मोठी जहाजे म्हणजे गुराबा: दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, दीडशे ते तीनशे टनांच्या, तळाने उथळ, पुढच्या निमुळत्या नाळेतून तोफा डागणाऱ्या. त्यांच्यासोबत गलबते: लहान, हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारी. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागच्या जागी डोलत राही आणि ही गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून त्याच्या पाठीशी नेत. ही लढाई उघड्या महासागरावरची नाही. ती खाडीच्या तोंडाशी, पाठीशी किल्ला ठेवून करायची आहे. म्हणून मराठी आरमार आणि मराठी जलदुर्ग या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. किल्ला गेला तर जहाजे उघडी पडतात, जहाजे गेली तर किल्ल्याला दाणागोटा पोहोचत नाही.

त्यातून पावसाळा. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तरांडी किनाऱ्यावर ओढून शाकारलेली. खलाशी, तांडेल, गोलंदाज बसून. त्यांना पोसायचे कशावर? याचे उत्तर जमीन. म्हणजे आरमाराच्या अधिकाऱ्याला मुलूख हवाच. वर्षातले चार महिने तो जमिनीवरचाच सरदार असतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे: आरमाराचा खर्च मुलखाच्या ठराविक उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरातल्या मिळकतीवर सोडू नये, नाहीतर व्यापाऱ्यांना उपद्रव होतो आणि बंदरे ओस पडतात. शहाणपणाची गोष्ट आहे. पण ती लिहिली गेली १७१६ साली, कोल्हापूरच्या गादीसाठी, म्हणजे ज्या पक्षाने दोनच वर्षांपूर्वी आपले आरमार गमावले होते त्या पक्षाकडून. हे प्रकरण वाचताना हा संदर्भ सहसा कुणी लक्षात घेत नाही. मला तर त्या ओळींमागे पश्चात्ताप दिसतो. यादवीच्या सात वर्षांत आरमाराला नेमून द्यायला मुलूख कुणाच्या हातात होता? शाहूंच्या नव्हता, ताराबाईंच्याही धड नव्हता. मग आरमार बंदराच्या मिळकतीवरच जगणार; म्हणजे दस्तकांवर.

दस्तक म्हणजे परवाना. कान्होजींचा परवाना घ्या, ठरलेली रक्कम भरा, आणि मराठ्यांच्या किनाऱ्यावरून सुखाने जा. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. इंग्रज याला चाचेगिरी म्हणत. पोर्तुगीज शंभर-दोनशे वर्षे हेच करत होते, त्याला मात्र त्यांनी कायदा म्हटले होते. इंग्रजही आपल्या छायेतल्या व्यापाऱ्यांना असेच परवाने देत. १७०२ मध्ये कान्होजींनी एक लहान व्यापारी जहाज पकडले, त्यावर सहा इंग्रज होते. १७०४ मध्ये मुंबईहून रेनॉल्ड्स नावाचा वकील त्यांच्याकडे आला. इंग्रजांच्या परवान्याची जहाजे अडवू नयेत, असे त्याचे मागणे होते. कान्होजींनी नकार दिला. या नकाराकडे आपण नेहमी शौर्य म्हणून पाहतो. त्यात पगाराचा प्रश्नही होता, हे विसरू नये. दस्तकाचा हक्क सोडला असता तर पुढच्या नारळी पौर्णिमेला जहाजे पाण्यात ढकलायला माणसे उरली नसती.

यादवी सुरू झाली तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या बाजूला राहिले. यात नवल नाही. सरखेलपद त्यांना त्याच घरातून मिळालेले. शाहू त्यांच्या दृष्टीने अठरा वर्षे मोगल छावणीत राहून आलेले एक नाव होते. पण त्याला भूगोलाचाही आधार होता. शाहूंचे बळ साताऱ्याच्या आसपास. घाट उतरून, आरमार नसताना, सुवर्णदुर्ग किंवा कुलाबा घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. दोन्ही पक्षांना कान्होजींची गरज होती. कान्होजींना मात्र दोघांपैकी कुणाकडूनही रोकड मिळण्याची शक्यता नव्हती. ताराबाईंनी काय दिले? मुंबईपासून सावंतवाडीपर्यंतच्या किनाऱ्याचा अधिकार, आणि त्यासोबत घाटाखालच्या कल्याण प्रांताच्या रक्षणाचे काम. राजमाची त्याच्या माथ्यावर.

इथे थोडे थांबतो, कारण हा माझ्या घरामागचा भूगोल आहे. मी उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये राहतो. हे शहर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे बराकींत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये छावणीचे उल्हासनगर झाले. नाव नदीवरून. शहाडच्या बाजूला गेले की ती नदी लागते. तिच्या आजच्या रंगाविषयी बोलायची ही जागा नव्हे. तीच उल्हास वर चढत गेलात तर बदलापूर, नेरळ, कर्जत करत थेट राजमाचीच्या डोंगराखाली पोहोचते. तिचा उगमच त्या दरीत आहे. आणि खाली उतरलात तर काळू नदीला घेऊन कल्याणच्या खाडीत, जिथे भरतीचे पाणी येते. याच खाडीवर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी पहिली जहाजे बांधायला काढली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते आणि वसईच्या पोर्तुगीजांना त्याची धास्ती पडली.

आता राजमाचीकडे या नजरेने पाहा. श्रीवर्धन आणि मनरंजन असे तिचे दोन बालेकिल्ले. बोरघाटाची वाट, खालची कोंढाणे लेणी, कर्जतपासून कल्याणपर्यंतचे सगळे खोरे तिच्या टप्प्यात. घाटावरून कोकणात उतरणारा व्यापारी माल आणि कोकणातून वर जाणारे सैन्य, दोन्ही तिच्या नजरेखालून जाणार. आरमाराच्या प्रमुखाला डोंगरी किल्ला कशाला, असा प्रश्न पडणाऱ्याने नकाशा समोर घ्यावा. कुलाब्याच्या समुद्राचे कुलूप राजमाचीत होते. घाटावरचा शत्रू खाली उतरू नये म्हणून दार लावायचे ते तिथेच.

१७१० ते १७१३ या वर्षांत कान्होजींवर चोहोबाजूंनी दाब होता. मुरूडला सिद्दी. मुंबईला इंग्रज, चौल-वसईला पोर्तुगीज. घाटावर शाहू. त्यात ४ नोव्हेंबर १७१२ रोजी एक घटना घडली, जिच्यावर इंग्रज लेखकांनी पानेच्या पाने भरली आहेत. मुंबईचा गव्हर्नर एझ्लबी याची सशस्त्र नौका आणि तिच्यासोबत कारवारहून येणारे ‘ॲन’ हे जहाज कान्होजींच्या आरमाराने पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन चकमकीत ठार झाला, त्याची तरुण बायको कैदेत आली. इंग्रजी पुस्तकांत पुढची कथा या बाईची आहे. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. गव्हर्नरची नौका पकडल्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येण्याची चिन्हे दिसू लागली, आणि त्याच वेळी साताऱ्याकडून स्वारी येणार हे उघड होत चालले होते. कान्होजींनी स्वतः होऊन मुंबईशी बोलणे लावले. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन कैदी सोडले, कंपनीची जहाजे अडवणार नाही असे कबूल केले. नऊ वर्षांपूर्वी वकिलाला तोंडावर नाकारलेली गोष्ट आता, निदान कागदावर, दिली.

ज्यांना कान्होजी केवळ इंग्रजांचे वैरी म्हणून हवे आहेत त्यांना हा तह अडचणीचा वाटतो. तो अडचणीचा नाही. यादवीत सापडलेल्या अधिकाऱ्याचे गणित त्यात स्वच्छ दिसते: एका वेळी एकच आघाडी. समुद्राकडची बाजू त्यांनी तीस हजार आणि एका वचनाच्या मोलाने शांत करून घेतली आणि तोंड घाटाकडे वळवले.

त्याच वर्षी शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवले. हे मोरोपंत पिंगळ्यांचे चिरंजीव. नाव मोठे, पण स्वारी फसली. कान्होजींनी पंतांचा पराभव करून त्यांना कैद केले, लोहगड घेतला आणि आता ते साताऱ्यावर चालून येणार अशी हवा उठली. छत्रपतींचा पेशवा आरमाराच्या सरखेलाच्या कैदेत! मराठ्यांच्या इतिहासात असा प्रसंग दुसरा नाही. शाहूंची त्या वेळची स्थिती किती नाजूक होती हे समजून घ्यायला हवे. धनाजी जाधव १७०८ मध्येच वारले होते. त्यांचा मुलगा, सेनापती चंद्रसेन, १७११ मध्ये रुसून ताराबाईंकडे गेला होता. सेनापती गेलेला, पेशवा कैदेत. आणखी एक मोठा सरदार ताराबाईंच्या बाजूने घाट चढून आला असता तर साताऱ्याची गादी टिकली असती का, याविषयी मला शंका आहे.

इथे बाळाजी विश्वनाथ पुढे आले. नोव्हेंबर १७१३ मध्ये मांजरी येथे शाहूंनी त्यांना पेशवाईची वस्त्रे दिली आणि कान्होजींच्या मोहिमेवर धाडले. त्यांची निवड का झाली याचे उत्तर श्रीवर्धनमध्ये आहे. राजमाचीच्या बालेकिल्ल्यात नव्हे, समुद्रकाठच्या गावात. भट घराणे तिथले देशमुख. कान्होजींशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने या घराण्याचा छळ केला आणि बाळाजींना गाव सोडावे लागले, अशी परंपरा आहे. म्हणजे दोघेही कोकणचे, दोघांचाही वैरी सिद्दी. घाटावरच्या कुठल्याही मानकऱ्यापेक्षा बाळाजींना कळत होते की या माणसाला काय हवे आहे आणि कशाची भीती आहे. बाळाजींनी सैन्य घेतले, पण लढाई केली नाही. बोलणी झाली. फेब्रुवारी १७१४ मध्ये लोणावळ्याजवळ वळवण येथे तह ठरला.

वळवण कुठे आहे ते पाहा. आजही राजमाचीला चालत जाणारी मंडळी लोणावळ्याहून तुंगार्ली-वळवणच्या अंगाने त्या धारेवर निघतात. सरखेल आपल्या दाराशी बसून तह करत होता.

तहाची कलमे थोडक्यात अशी. कान्होजींनी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंना छत्रपती मानावे. बहिरोपंतांना मोकळे करावे. घाटावर जिंकलेली ठिकाणे परत करावीत. राजमाची मात्र त्यांच्याकडेच राहील. त्याबदल्यात आरमाराचे आधिपत्य आणि सरखेल हा किताब कायम, दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान ठिकाणे त्यांच्या मुलखासह त्यांना. ग्रँट डफने दिलेल्या यादीत मोठ्यांमध्ये खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड ही नावे आहेत. लहानांची यादी मी जास्त लक्षपूर्वक वाचतो. तिच्यात श्रीवर्धन आणि मनरंजन येतात, म्हणजे राजमाचीच पुन्हा. तिच्यात विकटगड आहे, म्हणजे नेरळजवळचा पेब. माणिकगड आहे, सागरगड आहे. पावसाळ्यात खलाशांना पोसणारी आणि घाटाकडून येणाऱ्याला अडवणारी ही ठिकाणे. कान्होजींनी काय मागून घेतले ते या यादीत आहे: जहाजांच्या खर्चाला कायमचा मुलूख. दोन वर्षांनी आज्ञापत्रात जे तत्त्व म्हणून मांडले गेले, ते त्यांनी तहात पदरात पाडून घेतले होते.

जाता जाता कालक्रमाची एक गोष्ट. ग्रँट डफ लिहितो की कान्होजींनी कोल्हापूरच्या संभाजीचा पक्ष सोडला. पण ताराबाई आणि त्यांचा मुलगा यांना कैदेत टाकून राजसबाईंचा मुलगा संभाजी पन्हाळ्याला गादीवर आला, तो १७१४ मध्येच, या तहानंतर. डफने ती घटना दोन वर्षे आधी धरली म्हणून हा घोळ. याने फरक पडतो. कान्होजींनी एखाद्या नव्या, हक्क न जमलेल्या राजाला सोडले नाही. ज्या राणीने त्यांना मोठे केले तिलाच सोडले. आणि तिच्या पडझडीला या तहाचा हातभार लागला असणार, असे माझे मत आहे. किनारा गेला, सरखेल गेला, मग पन्हाळ्यावरच्या मंडळींनी राणी बदलली.

मग ही फितुरी म्हणायची का? आपल्याकडे हा प्रश्न फार लवकर सोडवला जातो. खेडला धनाजी फिरले त्याला आपण खऱ्या वारसाची ओळख पटली असे म्हणतो, चंद्रसेन फिरला त्याला फितुरी म्हणतो, कान्होजी फिरले त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो. मोजमाप एकच असावे. चंद्रसेन अखेर निजामाच्या चाकरीत गेला, म्हणजे राज्याबाहेर गेला. कान्होजी सात वर्षे दोन छत्रपतींच्या भांडणात होते, पण तो सगळा वेळ त्यांनी किनारा सिद्दी, इंग्रज किंवा पोर्तुगीज यांच्या हाती जाऊ दिला नाही. इंग्रजांची मदत घेऊन शाहूंना रोखणे त्यांना अशक्य नव्हते, मुंबईशी बोलणे तर चालूच होते. ते त्यांनी केले नाही. माझ्यापुरती कसोटी एवढीच. पण ताराबाईंच्या बाजूने पाहिले तर ही कसोटी थंड वाटते, हेही खरे आहे. रांगण्यातून बाहेर पडलेल्या त्या राणीला सरखेलाने किनारा कुणासाठी राखला याचे उत्तर पटले नसते.

तहाचे फळ सात वर्षांनी दिसले. मधल्या काळात बाळाजी दिल्लीला जाऊन आले, १७१९ मध्ये स्वराज्याच्या सनदा मिळाल्या. मुंबईला बून हा नवा गव्हर्नर आला होता. त्याने जहाजे बांधली, कोट बांधला आणि कान्होजींचा कायमचा निकाल लावायचे ठरवले. विजयदुर्गावर हल्ला फसला. १७१८ मध्ये खांदेरीवर फसला. १७२० मध्ये ‘फ्रॅम’ नावाची तरंगती तोफशाळा घेऊन इंग्रज पुन्हा विजयदुर्गाला आले, तिचाही उपयोग झाला नाही. अखेर १७२१ च्या शेवटी इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर उतरले. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज शाही जहाजे घेऊन आला होता, गोव्याहून खुद्द व्हाइसरॉय आला होता. हा हल्ला समुद्रावरून नव्हता, जमिनीवरून होता. म्हणजे गुराबांच्या तोफांपलीकडचा. १७१३ साली असा हल्ला झाला असता तर कान्होजी एकटे होते. आता घाटावरून शाहूंचे घोडदळ उतरले. पिलाजी जाधव आले, बाजीराव आले. इंग्रजांची फळी मोडली, पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये वेगळा तह करून अंग काढून घेतले आणि मॅथ्यूज संतापून राहिला. घोडदळ आणि आरमार एका नावाखाली लढले, असे यादवीनंतर प्रथमच घडले.

आरमाराच्या इतिहासाचे इंग्रजी लेखक या प्रसंगाचे श्रेय किल्ल्याला आणि पोर्तुगीजांच्या ढिलाईला देतात. मी ते वळवणला देतो.

तहाची दुसरी बाजूही होती आणि ती हळूहळू वर आली. सरखेलपद आणि त्याचा मुलूख एका घराण्याकडे गेला. आरमाराचा खर्च राज्याने करायचा नाही, घराण्याने करायचा; मग जहाजेही राज्याची कमी, घराण्याची जास्त. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. थोरले सेखोजी सरखेल झाले, पण १७३३ मध्ये तेही गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत भांडण पेटले. पुन्हा यादवी, पुन्हा दोन दावेदार, या वेळी घराच्या आत. बाजीरावांनी वाटणी करून दिली: मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजींना दक्षिणेचा भाग आणि सरखेल. एका आरमाराची दोन झाली. आणि मानाजींनी पेशव्यांच्या मदतीचे मोल म्हणून दोन किल्ले देऊन टाकले. त्यातला एक कोथळा. दुसरा राजमाची, जो कान्होजींनी सगळे घाटावरचे परत करताना हट्टाने ठेवून घेतला होता. दाराची किल्ली अशी साताऱ्या-पुण्याकडे गेली.

संभाजींच्या मागे तुळाजी आले. ते कर्तबगार होते, पण पेशव्यांना जुमानत नव्हते. १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांना सोबत घेतले आणि कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, ज्या किल्ल्यावर कान्होजींची उमेदवारी झाली होती तोच. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन समुद्रावरून आणि क्लाइव्ह जमिनीवरून विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात बंदरातल्या एका जहाजाला आग लागली. जवळजवळ बांधलेली सगळी तरांडी एकापाठोपाठ पेटली आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे आरमार उरले नाही. तुळाजी त्या वेळी किल्ल्यात नव्हते. ते पेशव्यांच्या छावणीत तहाचे बोलणे करत होते, आणि तिथून ते सुटले नाहीत.